मॅनिफेस्ट डेस्टिनी: आधी जमीन हवी झाली की आधी विचार सुचला?

सायंतारा

लेकीच्या आठवीच्या इतिहासामुळे आमच्याकडे सध्या जेवताना एकच विषय असतो, तो इथे आणतेय.

१८४५ साली जॉन ओ'सुलिव्हन या संपादकाच्या मासिकात एक लेख आला. टेक्सास अमेरिकेत सामील करून घ्यावा, अशी त्यात बाजू मांडली होती. दरवर्षी लाखांनी वाढणाऱ्या आपल्या प्रजेला मोकळेपणी वाढता यावं म्हणून विधात्याने हे खंड नेमून दिलंय, त्यावर पसरणं हे आपलं ढळढळीत विधिलिखित आहे, असा एकूण सूर. तीच ती मॅनिफेस्ट डेस्टिनी. पुढच्या तीन वर्षांत अमेरिकेची हद्द पॅसिफिकला भिडली. शाळेच्या पुस्तकात धड्याची मांडणी अशी की आधी हा विचार आला, लोक भारावले आणि छकडे जुंपून पश्चिमेला निघाले.

मला हे उलटं वाटतं. लुइझियानाचा प्रचंड मुलूख जेफरसनने नेपोलियनकडून १८०३ लाच दीड कोटी डॉलरला घेतला होता, देशाचं क्षेत्रफळ एका सहीत जवळजवळ दुप्पट. आग्नेयेकडच्या मूळ रहिवाशांच्या जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलवायचा कायदा १८३० चा. टेक्सासात अमेरिकन मळेवाले १८२० च्या दशकापासून घुसलेले. म्हणजे घेणं कधीच सुरू झालं होतं. विचार मागाहून आला, लक्ष्मीपूजनाला खतावणीवर गंध-फूल वाहतात तसा. आतले आकडे आधीच लिहून झालेले.

तर प्रश्न असा, की या विचाराने खरंच काही घडवलं का, की ती नुसती सबब होती? जाणकारांनी लिहावं.

मिठाचा खडा

सबब होती. धागा संपला. पुढचा विषय घ्या.

कुंपणावरचा

मी लाह्या घेऊन बसलोय.

घाटमाथा

सायंताराताई, विषय चांगला काढलात. जमिनीची भूक त्या शब्दाच्या फार आधीची, हे बरोबर. १७६३ साली इंग्रज राजाने फर्मान काढलं होतं की अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला कोणी वसाहत करायची नाही. वसाहतवाल्यांना ते अजिबात रुचलं नाही. खुद्द वॉशिंग्टनचे पैसे पश्चिमेकडच्या जमिनींत गुंतलेले होते. स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की आपण चहाच्या पेट्या आठवतो, पण या रागाचाही त्यात वाटा होता.

एक गंमत सांगतो. ओ'सुलिव्हनच्या मासिकात तो शब्द आला तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. डिसेंबर १८४५ मध्ये आपल्या दैनिकात ऑरेगनच्या (वायव्येकडचा मुलूख, इंग्लंडही त्यावर हक्क सांगत होतं) वादावर लिहिताना त्याने तो पुन्हा वापरला. मग जानेवारी १८४६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे, विरोधी व्हिग पक्षाचे खासदार रॉबर्ट विन्थ्रॉप यांनी संसदेत त्याची खिल्ली उडवली. पसरण्याचा हा हक्क यांकी राष्ट्र सोडून दुसऱ्या कोणाला असल्याचं काही मान्य होणार नाही, अशा अर्थाचा टोमणा होता. विरोधकाने वाजवला म्हणून शब्द गाजला. शिवाय तो लेख निनावी होता. जेन कॅझ्नो या पत्रकार बाईंनी लिहिला असावा, असं मानणारे अभ्यासक आहेत.

तिरफळ

घाटमाथासाहेब, पुढची गंमत मी सांगते. हे विन्थ्रॉप म्हणजे १६३० साली प्युरिटन लोकांना घेऊन मॅसॅच्युसेट्सला आलेल्या जॉन विन्थ्रॉपचे वंशज. तोच तो, 'आपण डोंगरावरचं नगर होणार, साऱ्या जगाचे डोळे आपल्यावर असतील' असं प्रवचन देणारा. म्हणजे आपण देवाने निवडलेले लोक आहोत ही समजूत ओ'सुलिव्हनच्या दोनशे वर्षं आधीपासून मुरलेली होती. त्याने तिला फक्त नाव दिलं.

त्यामुळे 'विचार मागाहून आला' हे मला पटत नाही. शब्द मागाहून आला. दुसऱ्याची जमीन बळकावणारे लोक जगात सगळीकडे झाले, पण बळकावताना मन इतकं शांत ठेवायचं तर आत काहीतरी पक्कं बसलेलं लागतं.

मिठाचा खडा

मन शांत ठेवायला बंदूक पुरते हो ताई.

वाळवणातली मिरची

वाचतेय. शाळेत आम्हाला अमेरिकेचा इतिहास म्हणजे 'बोस्टन टी पार्टी' आणि थेट लिंकन. मधली ऐंशी वर्षं कुठे गेली, हा प्रश्न तेव्हा पडलाच नाही.

टल्साकर

मी ओक्लाहोमात राहतो, म्हणून थोडं लिहितो.

१८३० च्या ज्या कायद्याचा सायंताराताईंनी उल्लेख केलाय, त्याचं दुसरं टोक म्हणजे आमचं राज्य. चेरोकी लोकांचं मूळ घर जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना या भागात. 'रानटी लोक जमिनीचा उपयोग करत नाहीत, म्हणून ती घ्यायला हरकत नाही' हा युक्तिवाद चेरोकींच्या बाबतीत कसा सपशेल आपटतो बघा. त्यांची पक्की घरं होती, शेती होती, लिखित राज्यघटना होती. सेक्वोया नावाच्या माणसाने एकट्याने त्यांच्या भाषेची लिपी तयार केली आणि १८२८ पासून त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र निघत होतं. काहींकडे तर काळे गुलामही होते. म्हणजे गोऱ्या शेजाऱ्यांनी सुधारणेच्या नावाखाली जे जे सांगितलं ते ते यांनी केलं, गुलामगिरीसकट. उपयोग शून्य. जॉर्जियात सोनं सापडलं, कापसाला जमीन हवी होती, विषय संपला.

१८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, की त्यांच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत. जॉर्जियाने तो मानला नाही, राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने मानायला लावला नाही. मग १८३५ ला चेरोकींमधल्या एका छोट्या गटाला धरून करार करून घेतला आणि १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकललं. साधारण चार हजार छावण्यांत आणि वाटेत मेले. हीच ती 'अश्रूंची वाट'.

यात विचारसरणी कुठे आहे ते मला सांगा. मला फक्त कापूस दिसतो.

घाटमाथा

टल्साकर, आहे की. १८२३ चा एक निकाल आहे, जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश. सरन्यायाधीश मार्शल म्हणतात, ज्या युरोपीय सत्तेने भूमी 'शोधली' तिची मालकी. मूळ रहिवाशांना नुसता वहिवाटीचा हक्क. जमीन विकायची तर ती फक्त सरकारला. म्हणजे हजारो वर्षं राहणारा माणूस त्याच जमिनीवर कूळ झाला आणि नावेतून उतरलेला मालक. चेरोकींच्या बाजूने निकाल देणारे मार्शलच, आणि हेही मार्शलच. विचारसरणी नेहमी व्यासपीठावरून आरोळी ठोकत नाही, बऱ्याचदा ती दस्तऐवजातल्या कलमात बसलेली असते.

सिद्धेश्वर एक्सप्रेस

आपणही अटकेपार झेंडे लावले होते, त्याला कोणी मॅनिफेस्ट डेस्टिनी म्हटलं नाही. (ह.घ्या.)

मिठाचा खडा

आली! अटक आली! पैज जिंकलो. कुंपणावरचा, लाह्या इकडे द्या.

घाटमाथा

हलकेच घेतो, पण फरक मोठा आहे. १७५८ ला अटकेपर्यंत गेलेली फौज चौथ-सरदेशमुखीच्या हिशेबात होती. तिथल्या शेतकऱ्याला उठवून कोकणातला किंवा देशावरचा शेतकरी तिथे बसवायचा, असा बेत नव्हता. अमेरिकेत सगळा जोर माणसं बदलण्यावर आहे. महसूल हवा असेल तर रयत टिकवावी लागते. जमीनच हवी असेल तर रयतेची अडचण होते.

जवळचा दाखला पाहिजे तर १८४८ बघा. अमेरिकेने मेक्सिकोचा निम्मा मुलूख घेतला त्याच वर्षी डलहौसीने सातारा खालसा केला. पुढे झाशी, नागपूर. त्याने देवाचं नाव घेतलं नाही, दत्तकाची कायदेशीर पळवाट काढली. पण आपलं राज्य म्हणजे सुधारणा आणि समोरचं जाणारच, ही खात्री तीच.

सिद्धेश्वर एक्सप्रेस

बंगालात आणि ओरिसात विचारा म्हणावं रयत कशी टिकवली ते.

संपादक

मराठ्यांच्या मोहिमांवर आधीचे पुष्कळ धागे आहेत, तिथे जावं. इथे अमेरिका.

नाचणीसत्त्व

सायंतारा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर वेगळं आहे. विचारसरणीने जमीन मिळवून दिली नाही, पण हद्द कुठे थांबली ते तिने ठरवलं. सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी टेक्सास. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी रद्द केली. टेक्सासातले अमेरिकन मळेवाले गुलाम घेऊन आले होते. १८३६ मध्ये त्यांनी बंड करून वेगळा देश केला. त्या बंडाला इतरही कारणं होती, पण त्यांच्या घटनेत गुलामगिरीला पक्कं संरक्षण होतं, यावरून काय ते समजा. अमेरिकेत टेक्सास घ्यायचा म्हणजे गुलामीचं आणखी एक राज्य वाढवायचं, म्हणून नऊ वर्षं घोंगडं भिजत पडलं. १८४४ ची निवडणूक पोल्क यांनी टेक्सास आणि ऑरेगन घेण्याच्या मुद्द्यावर लढवली आणि देशभरात चाळीस हजारांहून कमी मतांच्या फरकाने जिंकली. अख्खा देश भारावला होता म्हणतात, तो हा देश. न्यूयॉर्कमधली पाचेक हजार मतं इकडची तिकडे झाली असती तर हेन्री क्ले राष्ट्राध्यक्ष झाले असते. ते या घाईच्या विरोधात होते.

मग पोल्क यांनी मेक्सिकोशी सीमेचा वाद उकरला. मेक्सिको म्हणे सीमा न्यूएसेस नदी, हे म्हणाले रिओ ग्रांदे. मधल्या पट्ट्यात सैन्य नेऊन बसवलं, चकमक झाली, आणि 'अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलं' म्हणून मे १८४६ मध्ये युद्ध. नवखे खासदार अब्राहम लिंकन यांनी १८४७ च्या डिसेंबरात ठराव मांडला, की ते रक्त नेमकं कुठल्या जागी सांडलं ती जागा दाखवा. थोरोने कर भरायला नकार दिला आणि एक रात्र कोठडीत काढली. त्यातून आलेला त्याचा सविनय कायदेभंगावरचा निबंध पुढे गांधीजींनी वाचला, ते आपल्याला माहीत आहेच.

आता खरी गोष्ट. १८४७ च्या सप्टेंबरात अमेरिकन फौजा मेक्सिको शहरात होत्या. सगळा देश घशात घालायचा तर अडवणारं कोणी नव्हतं. 'सगळा मेक्सिको घ्या' अशी चळवळही उठली. ती कोणी हाणून पाडली? गुलामगिरीचे विरोधक होतेच, पण सगळ्यात दणदणीत भाषण केलं साउथ कॅरोलिनाच्या जॉन कॅल्हून यांनी. हे गुलामगिरीचे सगळ्यात मोठे पाठीराखे. त्यांनी सिनेटमध्ये सरळ सांगितलं की आपलं सरकार हे गोऱ्या माणसाचं सरकार आहे, लाखो मेक्सिकन आणि मिश्र वंशाचे लोक त्यात घ्यायचे नाहीत.

म्हणून फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहात काय आलं? कॅलिफोर्निया आणि आजचा बहुतेक सगळा नैर्ऋत्य भाग. जमीन अफाट, मेक्सिकन वस्ती लाखाच्या आत-बाहेर. बदल्यात दीड कोटी डॉलर. दाट वस्तीचा मेक्सिको मेक्सिकोला परत. विधात्याने खंड नेमून दिलं होतं म्हणतात, तर विधात्याने जनगणना बघून रेघ ओढली असं मानावं लागेल.

वाळवणातली मिरची

शेवटच्या वाक्याला टाळ्या.

तिरफळ

नाचणीसत्त्व, सुंदर प्रतिसाद. मग माझंच म्हणणं सिद्ध झालं ना? नुसती हाव असती तर सगळा मेक्सिको घेतला असता. वंशश्रेष्ठत्वाचा विचार होता म्हणून हात आखडला.

मिठाचा खडा

म्हणजे वर्णद्वेषामुळे मेक्सिको वाचला. हे परीक्षेत लिहू नका मुलांनो.

तळ्यातमळ्यात

अवांतर: त्याच युद्धात अमेरिकन सैन्यातले काही आयरिश शिपाई फितूर होऊन मेक्सिकोकडून लढले, सान पात्रिसिओ पलटण. कॅथलिक म्हणून अमेरिकन सैन्यात त्यांना फार वाईट वागवत. पकडल्यावर बरेच फासावर गेले. मेक्सिकोत अजून त्यांना मानतात. आणि ज्याच्या मासिकाने हे सगळं 'अँग्लो-सॅक्सन' लोकांचं विधिलिखित ठरवलं तो ओ'सुलिव्हन? आडनावच सांगतंय.

माणदेशी

मी शेतकरी कुटुंबातला, शेतकी पदवीधर, त्यामुळे मला या विषयात जमिनीच्या पोताविषयी बोलू द्या. वर सगळे नकाशावर बोलताय.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळायची. अट अशी, की पाच वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. आपल्याकडे १६० एकर म्हटलं की वतनदार वाटतो. पण १०० व्या रेखांशाच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला वीस इंचाच्या खाली जातो, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आत. हा आमच्या माण-खटावचा पाऊस झाला! तिथे कोरडवाहू १६० एकरात गव्हाच्या भरवशावर कुटुंब जगणं किती अवघड, हे आमच्याकडचं शेंबडं पोर सांगेल.

आणि इथे तुमची विचारसरणी आली बघा. तेव्हा रेल्वेवाले, जमिनीचे दलाल आणि काही शिकलेले लोकही छातीठोक सांगत होते की नांगरामागे पाऊस येतो. जमीन नांगरली की हवामान ओलं होतं म्हणे. आपण आलो की वाळवंटसुद्धा फुलणार, देवाचीच तशी योजना. जॉन वेस्ली पॉवेल नावाचा एका हाताचा भूशास्त्रज्ञ (दुसरा यादवी युद्धात गेलेला) १८७८ मध्ये सरकारला अहवाल देऊन सांगत होता की कोरड्या मुलखात चराईची शेती करायची तर १६० नाही, २५६० एकर लागतील. पाण्याप्रमाणे हद्दी आखा, चौकोन पाडू नका. ऐकलं कोणी? १८८० च्या दशकात चार पावसाची वर्षं आली तेव्हा लोक लोटले, १८९० च्या आसपास दुष्काळ पडला तेव्हा चंबूगबाळं आवरून परतले. पुढे १९३० च्या दशकातली धुळीची वादळं. गवताचं मूळ उपटून टाकलं होतं, माती धरणार कोण?

म्हणून सबब की विचार, या वादात मी म्हणतो, ज्यांनी सबब सांगितली ते पैसे घेऊन निघून गेले आणि ज्यांनी विचार मानला ते कर्जात बुडाले. एकाच वाक्यावर दोन माणसं उभी होती.

सायंतारा

माणदेशीदादा, हा कोन माझ्या डोक्यातच नव्हता. चौकोन पाडले म्हणजे काय?

माणदेशी

ताई, विमानातून कॅन्ससवरून जाताना खाली बघा. १७८५ च्या कायद्याने सगळ्या सरकारी जमिनीची मोजणी ठरली. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन, त्याचे ३६ तुकडे, एकेक तुकडा ६४० एकरांचा. ओढा, टेकडी, कोणाची दफनभूमी, काही बघायचं नाही. होमस्टेडचे १६० म्हणजे त्या तुकड्याचा चवथा हिस्सा. आधी कागदावर रेघा, मग विक्री, मग माणूस.

टल्साकर

आणि तोच चौकोन जमातींच्या गळ्यात मारला. १८८७ चा डॉज कायदा. सामाईक जमीन तोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर, उरलेली 'जास्तीची' म्हणून गोऱ्यांना खुली. १८८७ ला जमातींकडे १३ कोटी ८० लाख एकर होती, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाखांवर आली. हा कायदा करणारे स्वतःला इंडियनांचे (म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे) मित्र म्हणवत. खाजगी मालकी आली की माणूस सुधारतो, असा त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. या एका बाबतीत मी तिरफळताईंच्या बाजूला येतो.

चष्मेवाली

कोणीच कसं लिहिलं नाही म्हणून लिहिते. महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ ची. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सज्जनांना आहे, काळ्या गुलामांना मुक्त केल्याबद्दल. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत फुले म्हणतात, की युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवर सुरुवातीला जे अत्याचार केले, तसेच इथे आर्यांनी मूळ लोकांवर केले.

म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला १८७३ साली अमेरिकेची दोन्ही रूपं एकाच वेळी दिसत होती. एकाला नमस्कार, दुसऱ्याचा दाखला. अमेरिकेत त्याच सुमारास, १८७२ ला, जॉन गास्ट नावाचा चित्रकार प्रवासी मार्गदर्शिकांच्या प्रकाशकासाठी चित्र काढत होता. पांढऱ्या वस्त्रातली प्रगतीदेवी तारायंत्राची तार ओढत हवेतून पश्चिमेला निघालीय आणि पुढे मूळ रहिवासी आणि बायसन अंधारात पळताहेत.

सिद्धेश्वर एक्सप्रेस

पण आर्य बाहेरून आले हेच मुळात

संपादक

सिद्धेश्वर, गाडी इथेच थांबवा. चष्मेवाली यांचा मुद्दा फुल्यांनी अमेरिकेकडे कसं पाहिलं, एवढाच आहे. आर्यांवरचे प्रतिसाद उडवले जातील.

मिठाचा खडा

सिग्नल लाल. कुर्डुवाडीला अर्धा तास.

फ्रीमाँटचा गणपती

सगळं ठीक आहे, पण इथल्या काही प्रतिसादांत एक अपराधी सूर दिसतो तो मला कळत नाही. मुलांच्या शाळेत हल्ली कार्यक्रमाच्या आधी 'ही भूमी ओलोनी लोकांची' (कॅलिफोर्नियातल्या आमच्या भागातले मूळ रहिवासी) असं वाचून दाखवतात. माझे आजोबा तेव्हा सांगलीत हळदीच्या पेठेत हमाली करत होते. मी व्हिसा काढून आलो, कर भरतो, घराचे हप्ते भरतो. माझा काय संबंध?

नाचणीसत्त्व

गणपती, संबंध अपराधाचा नाही, पण आहे. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' परदेशीयांना मिळायचं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद सर्वोच्च न्यायालयात गेले. आपण आर्य, कॉकेशियन, म्हणून गोरे, असा त्यांचा दावा होता. न्यायालय म्हणालं, सामान्य माणसाच्या समजुतीत तुम्ही गोरे नाही. काही भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं. भारतीयांना ते खुलं झालं १९४६ ला. रेल्वे बांधायला चिनी मजूर हवे होते, १८६९ ला पूर्व-पश्चिम रूळ जुळले, आणि १८८२ ला चिनी मजुरांना दार बंद. कॅल्हून यांनी मेक्सिकनांबद्दल जे म्हटलं त्याच रांगेत आपण उभे होतो, फक्त नंबर उशिरा आला.

फ्रीमाँटचा गणपती

थिंदचं माहीत होतं, पण मेक्सिकोशी जोडून कधी पाहिलं नव्हतं. तरी ते वाचून दाखवणं मला पोकळच वाटतं. वाचतात आणि मग पार्किंगची सूचना देतात.

टल्साकर

त्याच्याशी सहमत. आमच्याकडे गोष्टी वाचनाच्या पुढे गेल्यात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चारने निकाल दिला की मस्कोगी (क्रीक) लोकांना करारात दिलेली राखीव भूमी संसदेने कधीच रद्द केलेली नाही, म्हणून ती अजून आहे. निकालपत्राची सुरुवातच अशी, की अश्रूंच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला एक वचन होतं. टल्सा शहराचा मोठा भाग त्यात येतो. कोणाचं घर गेलं नाही. फरक मुख्यतः, मूळ रहिवासी आरोपी असेल तर खटला कोण चालवणार, यात पडला. पण ऑफिसात आठवडाभर लोक एकमेकांना विचारत होते, आपण नक्की कुठे राहतो म्हणून.

वाळवणातली मिरची

कॅलिफोर्नियाचं कोणी लिहिलं नाही. सोन्याच्या गर्दीत काय झालं?

घाटमाथा

थोडक्यात लिहितो, कारण ते लिहवत नाही. २४ जानेवारी १८४८ ला कोलोमाला सोनं सापडलं, तहावर सही व्हायच्या नऊ दिवस आधी. तेव्हा तिथे मूळ रहिवासी अंदाजे दीड लाख. पंचवीसेक वर्षांत तीस हजारांच्या आसपास उरले. रोग आणि उपासमार होतीच, पण राज्याच्या पैशाने चालवलेल्या टोळ्याही होत्या. पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट १८५१ च्या जानेवारीत विधिमंडळात बोलले की इंडियन वंश नामशेष होईपर्यंत हे निर्मूलनाचं युद्ध चालू राहील, अशीच अपेक्षा धरली पाहिजे. वर 'खेद वाटतो' हेही म्हणाले. कोणीच काही करत नाहीये, सगळं आपोआप होतंय, असा त्या भाषेचा थाट. सायंताराताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर या भाषेत आहे. विधिलिखित म्हटलं की कर्ता गायब होतो. सबब असेल, पण अशा सबबीशिवाय मतदारांनी निवडलेलं सरकार हे काम बिनबोभाट करू शकत नाही.

सायंतारा

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. नाचणीसत्त्व यांचं 'हद्द कुठे थांबली' हे मला सगळ्यात जास्त पटलं होतं. पण मग १८९८ चं काय? फिलिपिन्स घेतलं तेव्हा तिथे सत्तर-ऐंशी लाखांच्या घरात बिगरगोरी प्रजा होतीच की.

नाचणीसत्त्व

तिथे त्यांनी तोड काढली. मुलूख घ्यायचा, माणसांना नागरिकत्व द्यायचं नाही. १९०१ पासूनच्या निकालांत न्यायालयाने मान्यच केलं की सगळी राज्यघटना तिथे आपोआप लागू होत नाही. १७८७ चा जुना नियम होता की नवा प्रदेश कालांतराने बरोबरीचं राज्य होणार, तो मोडला. बाकी मुद्दा रास्त आहे, गोरेपणाच्या विचाराने हात आखडतो तसा तो पसरायलाही शिकतो.

तिरफळ

मला युलिसिस ग्रँटचं उदाहरण द्यायचंय. मेक्सिको युद्धात हा तरुण लेफ्टनंट. म्हातारपणी आठवणीत लिहितो, की बलाढ्य राष्ट्राने दुबळ्यावर लादलेल्या सगळ्यात अन्यायी युद्धांपैकी ते एक होतं आणि आपली यादवी म्हणजे बऱ्याच अंशी त्याचंच फळ. इतका स्वच्छ विचार. आणि मधल्या काळात हाच माणूस राष्ट्राध्यक्ष असताना काय झालं? १८६८ च्या करारात ब्लॅक हिल्स सू (लकोटा) लोकांना दिलेले होते. १८७४ ला तिथे सोनं सापडलं. ग्रँट सरकारने खाणवाल्यांना अडवणं हळूच बंद केलं, लकोटांना तारीख देऊन राखीव भागात या म्हणून बजावलं, युद्ध झालं, आणि फेब्रुवारी १८७७ मध्ये, त्याची मुदत संपता संपता, डोंगर कायद्याने काढून घेतले. अन्याय कळत होता, शब्द सापडले होते, तरी केलं.

मिठाचा खडा

म्हणजे तिरफळताई माझ्या पहिल्या प्रतिसादावर आल्या.

तिरफळ

अर्ध्या वाटेवर आले, चहा तुमच्याकडून.

टल्साकर

ब्लॅक हिल्सची पुस्ती: १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन भरपाई न देता घेतली असं ठरवून व्याजासकट दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली. सू लोकांनी पैसे उचलले नाहीत. जमीन विकायची नव्हती, म्हणतात. व्याज धरून रक्कम अब्जावर गेलीय.

टोरांटोची थंडी

उशिरा आलो. सबब आवश्यक होती का, याला एक कसोटी आहे, कॅनडा. इथे कोणी मॅनिफेस्ट डेस्टिनी म्हटलं नाही. १८७१ पासून जमातींशी क्रमांक टाकून करार केले, १८७२ ला होमस्टेडसारखाच १६० एकरांचा कायदा आणला, १८८५ ला रेल्वे आरपार गेली. मोठी युद्धं नाहीत, घोषणा नाहीत, आणि शेवटी जमीन कोणाकडे गेली ते नकाशावर बघा. घोषणेशिवाय तेच झालं असेल तर घोषणेचं वजन किती?

घाटमाथा

थंडीसाहेब, कसोटी चांगली आहे, पण कॅनडाचं राष्ट्रीय ब्रीदवाक्य बघा. 'सागरापासून सागरापर्यंत'. बायबलातल्या ७२ व्या स्तोत्रातून घेतलंय, आणि मूळ ओळीत त्याच्या आधी 'त्याची सत्ता असो' असं आहे.

टोरांटोची थंडी

ब्रीदवाक्य अधिकृत झालं १९२१ ला. तोवर जमीन वाटून झाली होती.